पागोळीपासून गडग्यापर्यंत

पहाटे साडेपाच

रोहिणी लागून चार दिवस झाले. आज २९ मे. मृगाला दहा दिवस उरलेत आणि फाटकापासून खळ्यापर्यंतची आमची गाडीवाट अजून उघडीच आहे. मधोमध आडवा चर, एका कडेला पेव्हर ब्लॉकची रास, दुसऱ्या कडेला कचीचा ढीग. कामाचा आज तिसरा दिवस. मेस्त्री आठला येतील. त्याआधीचा वेळ माझा.

विजेरी घेऊन मी आधी फाटकाबाहेर जाते. आमचं घर रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीत, सड्याच्या उतारावर. रस्ता वर, घर खाली. रस्त्याच्या कडेनं गटार जातं आणि गाडी आत यावी म्हणून त्या गटारावर नऊ इंची सिमेंटचा पाईप टाकून मोरी केलेली आहे. ज्याच्या दारची मोरी त्यानं साफ ठेवायची, असा वाडीचा रिवाज. गेल्या वर्षी आम्ही ती ठेवली नाही. जून सरता सरता पाईपचं तोंड पानं, माती, नारळाची सोडणं आणि वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांनी बुजलं. गटाराचं पाणी अडलं, रस्त्यावर चढलं आणि फाटकातून आत आलं. रस्ताही आता पूर्वीचा राहिलेला नाही. डांबराचे थर एकावर एक पडत गेले आणि तो आमच्या फाटकाच्या उंबऱ्यापेक्षा वीतभर वर गेला.

जुलैतली ती रात्र मला विसरता येत नाही. अडीचच्या सुमाराला सासूबाईंनी हाक मारली. त्या तेव्हा पडवीत झोपायच्या. उठून दिवा लावला तर त्यांच्या खाटेखालून पाणी चाललं होतं. आवाज नाही, लाट नाही. जमिनीवर एक काळी चादर सरकत यावी तसं. भाताच्या दोन कणग्यांचे तळ भिजले. पण मला लागून राहिलं ते वेगळंच. ऐंशी वर्षांची बाई अंधारात पाय खाली सोडते आणि पाय पाण्यात पडतो.

म्हणून या वर्षी चिव्याची लांब काठी मोरीशेजारीच ठेवलेली आहे. काठीच्या टोकाला गोणपाट बांधून पाईपमधून आरपार ओढते. आज फक्त पालापाचोळा निघाला. वरच्या तोंडाशी दोन बादल्या पाणी ओतते आणि मनातल्या मनात आकडे मोजते. सातव्या आकड्याला पाणी पलीकडे बाहेर येतं. परवा पंचवीस मोजूनही आलं नव्हतं.

सकाळी सात

चहा घेऊन सासूबाई पडवीच्या पायरीवर बसल्या आहेत. समोर खणलेला चर बघत त्या म्हणतात, "या खळ्यात कधी पाणी थांबलं नव्हतं हो. सुपारीची बेडी वाळत घालायचो आम्ही इथे."

ही गोष्ट मी कितीदा तरी ऐकली होती, पण तिचा अर्थ या कामात लागला. त्यांच्या वेळेला खळं मातीचं होतं. दर वर्षी पाऊस सरला की ते खणायचं, माती ओलवायची, चोपण्यानं चोपायची आणि मग शेणानं सारवायचं. चोपताना गेल्या पावसात जिथे डबकं झालं होतं तिथे चार पाट्या माती जास्त पडायची. आगराच्या बाजूला उतार राहील एवढं बघायचं. कुणी माप घेतलं नसेल. पण चूक फार तर एका वर्षाची असायची, कारण जमीन दर वर्षी नव्यानं होत होती.

चार वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली. चिखलात चाकं रुततात म्हणून फाटकापासून पडवीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. ज्यांनी बसवले त्यांनी जमिनीला होता तोच उतार ठेवला, म्हणजे थेट घराकडे. बसवून घेताना मी समोर उभी होते, ओळी सरळ आल्यात की नाही तेवढंच पाहिलं. एक घागर पाणी ओतून बघायचं सुचलं नाही. आता ती चूक दर वर्षी चोपून काढता येत नाही. ती साठ मिलिमीटर जाडीच्या सिमेंटच्या ठोकळ्यांत बसलेली आहे.

वाट २२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. पूर्वी इथे जांभ्याचे ओबडधोबड चिरे होते, मधल्या फटींतून गवत. ते थोडं पाणी पिऊन घ्यायचे, थोडं अडवायचे. आता पाणी पावसातून थेट गुळगुळीत उतारावर पडतं आणि धावत येतं.

सकाळी आठ

मेस्त्री आणि दोन गडी आले. मेस्त्रींची पिशवी मला पाठ झाली आहे. करणी, थापी, गुण्या, ओळंबा, सुतळीचा गुंडा आणि वेटोळं केलेली पारदर्शक नळी. लेव्हल बघायला आता लेझरची यंत्रं मिळतात. पण उघड्यावर, खड्ड्यातून झाडामागे माप न्यायचं तर पाणी भरलेल्या नळीचा भरवसा मोठा. दोन टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं. मध्ये नळी कशीही वळो, खड्ड्यात उतरो, खाजणात जावो.

आजचं पहिलं काम पाईपचं. खळ्याच्या तोंडाशी वाटेला आडवं गटार बांधलं आहे. ते पाणी उजव्या हाताला वळवून १८ मीटर लांब, आगरातल्या शोषखड्ड्यात न्यायचं. ६ मीटरचे तीन पाईप. मीटरला एक सेंटिमीटर उतार धरला तर एकूण १८ सेंटिमीटर, सात इंचांपेक्षा थोडं जास्त.

दुकानात गेलो होतो तेव्हा दुकानदार म्हणाले, घरगुती कामाला ११० मिलिमीटरचा पाईप पुष्कळ झाला. मी वहीत हिशेब करून गेले होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वाट ६६ चौरस मीटर. पुढच्या बाजूच्या कौलांचं पाणी खळ्यातच पडतं, ते सुमारे ७० चौरस मीटर. दोन्ही मिळून १३६. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगानं सर आली तर तासाला १३,६०० लिटर, म्हणजे सेकंदाला पावणेचार लिटरच्या वर. पंधरा लिटरची बादली चार सेकंदांत भरेल.

हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की मुसळधार म्हणतं आणि २०४.४ च्या पुढे गेला की अतिमुसळधारच्याही वरची पायरी सांगतं. पण गाडीवाटेला दिवसाचा आकडा कळत नाही. तिला कळते ती वीस मिनिटांची सर. दिवसभर रिमझिम पडून १५० मिलिमीटर झाला तरी आमच्या खळ्यात काही होत नाही. रात्री दोन वाजता वीस मिनिटं आभाळ फाटलं की पडवीत पाणी. त्यामुळे हिशेब वेगाचा करायचा.

नवाकोरा ११० चा पाईप या उतारावर सेकंदाला साडेसहा लिटरच्या आसपास नेतो. कागदावर पुरतो. पण आमच्या वाटेवर फणस आहे, आंबा आहे, आणि वरून जांभ्याची लाल माती येते. अर्धा पाईप गाळानं भरला तर? १६० चा पाईप त्याच उतारावर अडीच पटींहून जास्त पाणी नेतो. पैसे जास्त गेले. ते मला योग्य वाटले.

मेस्त्री नळीचं एक टोक आडव्या गटाराच्या तोंडाशी धरतात, दुसरं मी आगराकडे नेते. माप येतं, पण मेस्त्रींचा चेहरा बदलत नाही. परत मोजतात. दुसऱ्यांदा पाऊण इंचाचा फरक.

"वैनी, नळीत हवा हाय."

खरंच, मधल्या वळणात वाटाण्याएवढा बुडबुडा अडकला होता. वाटाण्याएवढ्या हवेनं पाऊण इंच खाल्ला, आणि आमच्याकडे सबंध पाईपला मिळून सातच इंच आहेत. नळी उंच धरून, टिचक्या मारून बुडबुडा घालवला. मग दर ६ फुटांवर खुंटी, खुंटीला दोरी, दोरीखाली कचीचा थर. पाईपचं पोट सगळीकडे टेकलं पाहिजे. मध्ये पोकळ राहिलं की पुढेमागे पाईप तिथे वाकतो, आणि वाकला की गाळ धरतो.

सकाळी दहा

जाळी बसवायची. वेल्डिंगवाल्याकडून काल आणली, रेड ऑक्साइड मारून. गटार ९ इंच रुंद ठेवलं आहे. मेस्त्रींचं म्हणणं होतं ६ इंच पुरे. त्यावर आमचं बरंच बोलणं झालं होतं. शेवटी परवा संध्याकाळी वरून बादली उपडी केली आणि दोघांनी खाली बसून पाहिलं. उतारावरून आलेलं पाणी गटाराच्या जागेवर खणलेल्या सहा इंची चरावरून एका पावलात उडी मारून पुढे गेलं. मेस्त्री काही न बोलता उठले आणि खडूनं नऊ इंचांवर रेघ मारली.

जाळीच्या पट्ट्यांत पाऊण इंचाची फट ठेवून घेतली. अर्ध्या इंचाच्या जाळीवर आंब्याचं ओलं पान एकदा चिकटलं की त्यावर दुसरं, तिसरं बसतं आणि पाणी वरूनच निघून जातं. पाऊण इंचात सासूबाईंच्या काठीचं टोक मात्र अडकू शकतं, म्हणून काठीला रुंद रबरी बूट आणला आहे. जाळी दर दोन फुटांना सुटी निघते. एकसंध केली असती तर दिसायला बरी दिसली असती, पण मग ती उचलून साफ कोण करणार?

जाळीचा माथा ब्लॉकच्या पाव इंच खाली. एवढीशी गोष्ट, पण ती चुकली तर सगळं काम वाया. जाळी वर राहिली तर पाण्याला तो बांध होतो. चौकट बसवताना मेस्त्री पाटा ठेवून खालची फट बघत होते. चारही कोपऱ्यांत ती सारखी आली, तेव्हा समाधान झालं. सिमेंट भरलं. पिशवी पोझोलाना सिमेंटची आहे, तिला निदान दहा दिवस ओलं ठेवायला हवं. आज २९, म्हणजे ८ जूनपर्यंत रोज तीन वेळा पाणी आणि तोवर गाडी बाहेरच. बरोबर मृगाच्या तोंडाला सुटका.

अकरा

खालच्या घरच्या काकू आल्या. मी त्यांची वाटच बघत होते, थोड्या धाकधुकीनं.

आमचं आगर संपतं तिथे गडगा आहे आणि गडग्याच्या पलीकडे त्यांचं मागील दार. आतापर्यंत आमचं पाणी खळ्यात पसरायचं, मग पोफळींतून इकडे तिकडे झिरपत गडग्याच्या फटींतून जायचं. आता आम्ही ते गोळा करून पाईपात घालणार. काकूंनी पाईप पाहिला, मग गडग्याकडे पाहिलं.

"अगं, याचं तोंड माझ्या न्हाणीवर येणार का?"

१८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. त्यात वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी ठरलेल्या प्रवाहातून नव्हे तर आपसूक वाहत येत असेल, तर खालच्या जमिनीवाल्यानं ते येऊ द्यावं, असं म्हटलं आहे. हे मला ठाऊक होतं. पण नळीत कोंबून एका तोंडानं सोडलेलं पाणी आपसूक आलेलं कसं म्हणायचं? आणि कायद्याचं बोट धरून मला काकूंच्या चुलीपर्यंत जायचं नव्हतं. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर घर उपसायला मी गेले होते. भिंतीवर माणसाच्या उंचीला चिखलाची रेघ आणि खाली सगळ्या संसाराचा एकच रंग. तो पूर नदीचा होता, आमच्या पाईपाशी त्याची तुलना नाही. पण खालच्या घरात राहणं म्हणजे काय, हे तेव्हापासून अंगात मुरलं आहे.

काकूंना आगरात घेऊन गेले. आधी शोषखड्डा दाखवला. ४ फूट लांब, ४ रुंद, ५ खोल, विहिरीपासून ६० फुटांवर. तळाला मोठं डबर, वर लहान होत जाणारी खडी. त्या बघून म्हणाल्या, "मग सगळं पाणी यातच जिरेल की."

नाही जिरणार, आणि हे मला त्यांच्याशी खरं बोलायचं होतं. खड्डा ८० घनफुटांचा, दगड भरल्यावर आत मोकळी जागा उरते ती फार तर ९०० लिटरची. सेकंदाला पावणेचार लिटर आले तर खड्डा चार मिनिटांत भरतो. जूनच्या पहिल्या सरी तो आनंदानं पिईल. जांभ्याची जमीन सच्छिद्र असते, मेमध्ये ओतलेलं पाणी बघता बघता नाहीसं होतं. पण कोकणात वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत पडतो. जुलैत जमीनच तुडुंब असते, तेव्हा शोषखड्डा हा नुसता भरलेला हौद. शोषखड्डा खणला म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला असं आमच्याकडे बरेच जण धरून चालतात आणि मग जुलैत त्याच खड्ड्यातून पाणी उलटं वर येतं. माझ्या मते कोकणात खड्ड्याचं खरं काम गाळ धरणं आणि पहिल्या धावेचा जोर मोडणं. पुढचं पाणी कुठे जाणार ते आधी ठरवायचं आणि मग खड्डा खणायचा.

"मग उरलेलं?"

उरलेल्या पाण्यासाठी खड्ड्याच्या खालच्या अंगाला २० फूट लांब उथळ चर खणलेला आहे. उताराला आडवा. त्याच्या बाहेरच्या काठावर चिऱ्यांची एक ओळ बसवायची आणि तिचा माथा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी एका पातळीत आणायचा. मग पाणी एका तोंडानं न पडता २० फुटांच्या काठावरून पातळ थरानं बाहेर येईल आणि पोफळींच्या आळ्यांतून जाईल. पूर्वी जायचं तसंच, पसरून.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "संध्याकाळी पाणी सोडाल तेव्हा मला हाक मार. बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

मला ते पटलं. मीही म्हटलं नसतं.

दुपारी एक

आमटी, भात, फणसाची भाजी, शेवटचे रायवळ आंबे. गड्यांनी आगरात सावलीला अंग टाकलं. दक्षिणेकडे ढग जमलेत, पण पांढरे.

दुपारी दोन

दिवसभर आम्ही उतार करत होतो. वाटेला उतार, गटाराच्या तळाला उतार, पाईपला उतार. आता पहिल्यांदा एक गोष्ट अशी करायची जिला उतार असता कामा नये.

पाण्याला उतार देणं सोपं. थोडा जास्त झाला तरी पाणी तक्रार करत नाही. पातळी देणं अवघड. मी हिशेब केला होता, सगळं पाणी २० फुटांच्या काठावरून सारखं बाहेर पडलं तर त्याचा थर ५ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे काठाच्या दोन टोकांत ५ मिलिमीटरचा फरक राहिला तर उंच टोकाला अगदी थोडं पाणी जाईल आणि बरंचसं सखल टोकाकडे धावेल. ते टोक काकूंच्या न्हाणीच्या बाजूचं आहे.

सतरा चिरे निवडले. चिरा खाणीतून नवा काढलेला असतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर राहिला की टणक होत जातो. हे चिरे गेल्याच आठवड्यात आले, त्यामुळे तासायला चांगले. मेस्त्री आधी दोन टोकांचे दोन चिरे बसवतात, नळीनं चार वेळा तपासतात. बुडबुडा आधी बघतात, मग माप. दोन्हींच्या माथ्यावरून दोरी ताणतात. एक गडी म्हणाला, दोरी मध्ये झोळते. खरंच झोळत होती. २० फुटांत दोरी स्वतःच्याच वजनानं जराशी खाली येते. मग मध्ये एक तिसरा चिरा नळीनं बसवला आणि दोरीचे दोन तुकडे केले.

चिऱ्याखाली खडी घालून धुमस मारून घेतलं, कारण आज पातळीत आलेला चिरा पहिल्या पावसात खचला तर सगळं मोडेल. सांध्यांत सिमेंट, माथा मात्र उघड्या चिऱ्याचाच. यात मेस्त्रींचा विचार होता. सिमेंटची पट्टी वर ओढली असती तर उद्या चूक निघाल्यावर फोडावी लागली असती. चिरा असेल तर दोन घाव घालून तासता येतो.

त्यांना मी विचारलं, इतकी बारीक पातळी याआधी कधी बसवली होती का.

"देवळात एकदा. फरशी बसवताना." थोडं थांबून म्हणाले, "तिथं पाणी सोडून कुणी बघणार नव्हतं."

साडेचार

दोन गडी वाटेवर खचलेले ब्लॉक बसवताहेत. चाकांच्या दोन पट्ट्यांत ते दीड इंच खाली गेले होते. गाडीच्या वजनानं गेले असं आम्ही समजत होतो, पण उचलल्यावर खाली कचच नव्हती. पाण्यानं फटींतून ती केव्हाच ओढून नेली होती आणि ब्लॉक पोकळीवर बसले होते. आता पुन्हा कच, पुन्हा धुमस, आणि फटींत बारीक वाळू झाडूनं भरायची.

गटार आणि पाईप यांच्यामध्ये दीड फुटाचा चौकोनी चेंबर आहे. त्याचा तळ पाईपच्या तोंडापेक्षा ९ इंच खाली ठेवला, म्हणजे गाळ तिथे बसेल. तळाला अंगठ्याएवढं भोक आणि त्याखाली खडी, नाहीतर उघडिपीत पाणी साचून डास व्हायचे. पावसाळ्यात दर रविवारी हा गाळ काढायचा. हे काम मी वहीत माझ्या नावावर लिहिलं आहे.

कौलांच्या पागोळ्यांना पन्हळ लावायची की नाही, हे मात्र अजून ठरत नाही. मेस्त्री म्हणतात लावा, पाणी थेट चेंबरात जाईल. सासूबाई नको म्हणतात. पागोळ्यांचा पडदा पडवीसमोर नसेल तर पाऊस पडतोय असं त्यांना वाटणार नाही. या वर्षी पन्हळ नाही. पागोळ्या पडतात तिथे हातभर रुंद खडीची पट्टी घातली आहे आणि तिचा उतार गटाराकडे वळवला आहे.

साडेपाचला विहिरीवरचा पंप लावून नळी शोषखड्ड्यात सोडली. खड्डा रिकामा असताना परीक्षा घेतली तर तो सगळं पाणी गिळून टाकेल आणि आम्हाला काहीच कळणार नाही. मेच्या शेवटी आम्हाला जुलै करून बघायचा होता.

साडेसहा

बांधकामाच्या पाण्यासाठी आणलेली १००० लिटरची काळी टाकी वाटेच्या माथ्यावर, फाटकाशी चिऱ्यांच्या ओट्यावर ठेवलेली आहे. तिला दोन इंची व्हॉल्व्ह. पूर्ण उघडला तर काही मिनिटं तरी जोरदार सरीएवढं पाणी येतं.

काकू आल्या आहेत. सासूबाई पायरीवर. हे कामावरून परतलेत आणि बॅग खाली न ठेवताच उभे आहेत. एक गडी व्हॉल्व्हपाशी, मी जाळीपाशी, मेस्त्री आगरात काठाजवळ.

"सोड!"

पाणी वाटेवरून आलं. पुढे वाळू आणि काटक्यांची फेसाळ कड. जाळीवर पोचलं, क्षणभर उडालं आणि आत पडलं. वरच्या काठानं थोडंसं पुढे आलं, दोन ओंजळी असेल, आणि खळ्याच्या पहिल्याच ओळीत थांबलं. पडवीच्या पायरीपासून ते १२ फूट लांब होतं. सासूबाईंनी ते अंतर नजरेनं मोजलेलं मी पाहिलं.

मग धावत आगरात. खड्ड्यातून पाणी वर येत होतं, आधी चराच्या तळाला पसरलं, हळूहळू चढलं, चिऱ्यांच्या माथ्याशी आलं. तिथे थबकल्यासारखं झालं. पाण्याला स्वतःची एक सूक्ष्म कड असते, काठावर ते जरा फुगून उभं राहतं. मग मधल्या एका जागी फुटलं. मग शेजारी. मग न्हाणीच्या बाजूला जरा जोरात. मेस्त्रींनी विजेरी तोंडात धरली, तासणी उचलली आणि उंच वाटणाऱ्या दोन चिऱ्यांवरून हलके हलके घाव घातले. लाल भुकटी पाण्यात मिसळून गेली. पाणी त्यांच्या हाताखालून पलीकडे सरकलं.

पाच मिनिटांत टाकी संपत आली, तोवर काठाच्या बहुतेक लांबीवरून पाणी एका पातळ पदरासारखं उतरत होतं. पोफळींच्या आळ्यांतून ते कुजलेल्या झावळ्यांखाली शिरलं आणि तिथे त्याचा आवाज मंद झाला. गडग्यापर्यंत पोचलं ते बोटभर रुंदीच्या ओघळांत, चार-पाच ठिकाणी.

काकू गडग्यापलीकडे जाऊन आल्या. त्यांच्या पायाला ओली माती लागली होती. "न्हाणी कोरडी आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "पहिल्या मोठ्या पावसात मी परत बघणार."

"मी पण येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं.

रात्री आठ

गडी गेले, मेस्त्री हातपाय धुऊन निघाले. जाळीच्या चौकटीवर गोणपाट टाकून ते ओलं केलं. सासूबाईंनी खाट पुन्हा पडवीत भिंतीशी लावून घेतली, गेल्या जुलैपासून ती माजघरात होती.

मी टेप आणि विजेरी घेऊन एकदा काठाशी जाऊन आले. ओल्या चिऱ्यांचा रंग गडद, कोरड्यांचा फिका, त्यामुळे पाणी कुठून गेलं ते अजून वाचता येत होतं. २० फुटांपैकी १७ फूट ओले. फणसाकडच्या टोकाचे तीन फूट कोरडे राहिलेत, म्हणजे शेवटचे अडीच चिरे केसभर उंच आहेत. खडूनं त्यांच्यावर खुणा केल्या. सकाळी मेस्त्री आले की आधी तेवढं तासून घ्यायचं, मग टाकी पुन्हा भरायची.